कालवडीपुरती रानलसूण

केसिर्तचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत, म्हणजे रानलसणीचा हंगाम असेतोवर, यात कधी फरक पडला नाही. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत. आधी शेगडीचं लोखंडी दार वाजायचं, मग विहिरीची साखळी, मग भाकरी थापल्याचा आवाज. मी सांगतोय त्या वर्षी चार वाजता ती नवऱ्याच्या पायाची पट्टी बदलायची. पाय गुडघ्याखाली राहिलाच नव्हता, खुंट होता. साडेचारला रबरी बूट घालून, पाठीला पोतं बांधून, हातात आखूड दांड्याची कुदळ घेऊन ती फाटकाबाहेर पडायची.

मी बत्तीस वर्षं विटांच्या कारखान्यात माती खणली. तरी सांगतो, रानलसूण खणणं त्याहून अवघड आहे. मातीत घाव कुठेही बसला तरी माती निघते. लसणीच्या झुबक्यापासून चार बोटं लांब घाव घालावा लागतो, नाहीतर कांड्या तुटतात, आणि तुटकी कांडी बाजारात कोणी घेत नाही. त्या दिवसांत वर फक्त जांभळट टोकं असतात, बीचच्या झाडांच्या कुजक्या पानांखाली दडलेली. ती दिसावी लागतात. मग वरचा गोठलेला थर फोडायचा, वीतभर खाली जायचं, झुबका खालून उचलायचा. एका झुबक्याला चार घाव. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे झुबके. सगळं कमरेत वाकून.

एवढं केल्यावर पोत्यात बारा किलो माल येतो. त्यात निम्मी माती, साल आणि मुळं. घरी येऊन तो सोलायचा. करंगळीएवढी पांढरी कांडी, तिच्यावर ओल्या कागदासारखी तपकिरी साल, ती अंगठ्याच्या नखाने काढायची, पाणी थंडगार. किलोत दोनशे कांड्या बसतात. चांगला हात असला तर किलोला एक तास लागतो. बारा किलोचे पाच किलो उरतात. नखं मे महिन्यापर्यंत काळी राहतात, वास तर जातच नाही. केसिर्त बसमध्ये चढली की मागच्या बाकावरचा माणूसही मान न वळवता सांगायचा, केसिर्त आली.

हिवाळा संपताना आमच्याकडे हिरड्यांतून रक्त येतं, म्हाताऱ्यांना गरगरतं, पोरं पिवळी पडतात. तेव्हा रानात दुसरं काही उगवलेलं नसतं, हीच असते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून काढायची, लोण्यात परतायची, वर मीठ, सोबत मक्याची भाकरी. आठ दिवस खाल्ली की अंगात रक्त फिरतं. उरली तर मिठाच्या पाण्यात बरणीत घालायची, ती उन्हाळ्यात खायची. आम्ही चेचेन लोक हिला होंक म्हणतो आणि सणासारखी तिची वाट बघतो. एप्रिलमध्ये पान उघडलं की हंगाम संपला. मग ती रानभर पसरते, मे महिन्यात पांढरी फुलं येतात, जूनमध्ये काही नव्हतंच अशी जमीन होते. बीपासून खणण्याजोगी कांडी व्हायला पाच वर्षं लागतात.

हे पाच वर्षांचं केसिर्तला तिच्या आईने शिकवलं होतं. चव्वेचाळीस साली सरकारने आमची गावंच्या गावं मालगाड्यांत भरून कझाक मुलखात नेली, तो महिनाही फेब्रुवारीच होता. आई त्या सकाळी लसणीला निघाली होती. कुदळ हातात असतानाच सैनिकांनी तिला चौकात उभं केलं. तिकडे सगळा गवताळ माळ, झाड नाही, त्यामुळे लसूण नाही. केसिर्त तिथे जन्मली. सत्तावन्न साली परतल्यावर आईने सात वर्षांच्या केसिर्तला घेऊन सरळ वरच्या झऱ्याची जागा गाठली. तेरा हंगाम तिथे कोणी खणलं नव्हतं. लसूण झऱ्यापासून ओढ्यापर्यंत उतरली होती. आई खाली बसली आणि मातीसकट कच्ची खात राहिली, एवढं केसिर्तला आठवत होतं. त्या दिवशी आईने तिला नियम सांगितला. सहाच्या झुबक्यातून चार घ्यायच्या, दोन परत ठेवायच्या, माती टाचेने दाबायची.

केसिर्तने हा नियम पंचेचाळीस वर्षं पाळला आणि बरोबरच्या बायकांना पाळायला लावला. तिच्यासोबत खणणाऱ्या शेजारच्या बुसानाला याचा फार राग. ती म्हणायची, "केसिर्त, तू लसूण खणतेस की तिचं बाळंतपण करतेस?" केसिर्त मान वर न करता सांगायची, "दाब माती. तुझ्या नातवंडांना काय दगड घालणारेस खायला?"

उमालत, तिचा नवरा, माझ्याबरोबर कारखान्यात होता. भट्टीत विटा रचायचा. दिवसाला अडीच हजार विटा, एकही वाकडी नाही. फौजेशी झालेल्या पहिल्या लढाईत कारखाना गेला. दुसऱ्या लढाईत घराचं छप्पर गेलं आणि गाय गेली. गाय गोळीने गेली नाही, तळघरात पंधरा दिवस माणसं अडकली होती, वर ती कोणी न दोहल्यामुळे तडफडून मेली. छपरापेक्षा उमालतला गाय जास्त लागली.

दोन हजार एकच्या शरद ऋतूत त्यांच्या मुलाचं, एल्बीचं लग्न झालं. सून याखिता पलीकडच्या गावची, एकोणीस वर्षांची. लग्नात सुनेची जीभ सोडवतात तशी तिचीही सोडवली. पाहुणे पाणी मागतात, ती पाणी घेऊन गप्प उभी राहते, ते थट्टा करतात, शेवटी ओंजळीत काही ठेवतात, मग ती 'प्या' म्हणते. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलायला मोकळी होते. सासऱ्याचं मात्र वेगळं असतं. तो आपल्या सवडीने, आपल्या ऐपतीने सुनेला बोलतं करतो. तोवर ती त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, त्याचं नाव घेत नाही, त्याला हात लावत नाही. कोणी महिन्यात सोडवतं, कोणी वर्ष लावतं. आमच्याकडे कोंबडी देऊन सोडवलेल्या सुनाही आहेत, नांदत आहेत.

उमालतने मशिदीच्या पायरीवर चार माणसांत सांगितलं की मी कालवड देणार. त्याच्या बापाने केसिर्तला कालवड दिली होती. एल्बीने समजावलं, केसिर्तने समजावलं, मीही म्हणालो की दिवस कसे आहेत बघ, डोक्याला बांधायचा रुमाल दे आणि मोकळा हो. त्याने ऐकलं नाही. वर हसून म्हणाला, "अरे बलौदी, माझ्या घरात एकच बाई गप्प आहे. तेवढं सुख तरी राहू दे थोडे दिवस."

लग्नानंतर एल्बी अस्त्राखानला बांधकामावर गेला. इथे सैनिक तरणी पोरं उचलून न्यायचे, घरी राहणं बरं नव्हतं. घरात तिघं उरली.

त्या वेळी रानात सुरुंग होते. कोणी पेरले हे आम्ही विचारायचं सोडलं होतं. लसूण तर खणायलाच हवी होती, कारण दुसरा रोख पैसा गावात नव्हता. केसिर्तने चालायची रीत ठरवली. एका मागे एक. पुढची पाय ठेवील तिथेच मागचीने ठेवायचा. पुढे कायम ती स्वतः. ती रानडुकरांनी उकरलेल्या जमिनीवरून जायची. जिथे डुकरांचा कळप नांगरून गेला तिथे सुरुंग असता तर डुकरांनीच उडवला असता. रांग सोडायची नाही, लघवीलाही नाही. अशा रीतीने तिने दोन हंगाम नऊ बायका नेल्या आणि परत आणल्या.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये उमालत पोती वाहायला त्यांच्याबरोबर जाऊ लागला. रांगेत पुढे केसिर्त, मग उमालत, मग बुसाना, मग याखिता. सासरा आणि सून लागोपाठ चालत नाहीत, म्हणून मध्ये बुसाना. अकरा तारखेला बुसाना तापाने पडली. तिची जागा कोणीतरी घ्यायला हवी होती. केसिर्तने घाई केली, तिघंच निघाली. उमालतच्या मागे याखिता, दहा पावलं अंतर सोडून.

परतताना उमालतने रांग सोडली. कुदळीचा दांडा मोडला होता आणि चार पावलांवर सरळ फांदी दिसत होती. माझ्यासारख्याला कळतं ते. सरळ दांडा दिसला की हात जातोच. याखिताने सुरुंगाची तार पाहिली. पानांवरून घोट्याच्या उंचीने गेलेली, त्याच्यापासून दोन पावलांवर. केसिर्त पुढच्या वळणापलीकडे गेली होती.

तिच्या तोंडून हाक निघाली नाही. निघू शकली नाही म्हणणं जास्त बरोबर. पाच महिने ती त्या माणसासमोर श्वासही मोठ्याने घेत नव्हती. तिने ओलं ढेकूळ उचललं आणि त्याच्या पाठीवर मारलं. ते लागलं. तो वळला. वळताना माणूस एक पाय मागे टाकतो.

स्फोट मी गावात ऐकला. आम्ही सहा जण ताडपत्री घेऊन गेलो. रक्त थांबवायला केसिर्तने स्वतःचा डोक्याचा रुमाल आवळून बांधला होता आणि त्यात कुदळीचा तुटका दांडा घालून पिळला होता. त्याला उतरवायला आम्हाला तीन तास लागले. याखिता आमच्या मागे चालत होती, प्रत्येक पाऊल माझ्या पावलात टाकत. दोन पोती तिने पाठीवर घेतली होती. कोणी तिला घे म्हणालं नव्हतं.

तालुक्याच्या इस्पितळात पाय कापला. जखम भरली नाही. हाड नासत राहिलं, दोनदा आणखी कापलं. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरने केसिर्तला बाहेर बोलावून सांगितलं की आता मूत्रपिंडं जात आहेत, पाय सोडा, घरी न्या. किती दिवस, हे त्याने सांगितलं नाही. केसिर्तने विचारलं, पान उघडेपर्यंत राहील का? डॉक्टर शहरातला होता. त्याला कसलं पान ते कळलं नाही.

वर्षभर याखिताने उमालतचं सगळं केलं. भांडी, पट्ट्या, बिछाना. एक शब्द न बोलता. तिला हाक मारायची तर तो काठीने पलंगाची कड वाजवायचा. सासरा म्हणून तो तिच्याकडे बघत नसे आणि ती चेहरा वळवून उभी राहायची. पण आता ती कोणाशीच बोलत नव्हती. केसिर्तशी नाही, बुसानाशी नाही. एल्बी सणाला आला तेव्हा त्याच्याशीही हो-नाही एवढंच. तिच्या गावाहून आई आली, दोन दिवस राहिली, रडून गेली. बायका म्हणायच्या, पोरीला धक्का बसलाय. बुसानाने एकदा तिला तोंडावर सांगितलं की ओरडली असतीस तर आभाळ पडलं नसतं. केसिर्तने बुसानाला त्या दिवशी घराबाहेर काढलं. पण तिलाही माहीत होतं की गाव हेच बोलतं, आणि पोरगी स्वतःला हेच बोलते.

जानेवारीत उमालतने मला बोलावलं. भिंतीवर दोनदा ठोकायचा, मी जायचो. तोंड सुजलं होतं. तो म्हणाला, "बलौदी, मी असाच गेलो तर पोरगी जन्मभर मुकी राहील. तिची गाठ मी बांधलीय. दुसऱ्याला सुटणार नाही."

मी म्हणालो, आज सोडव. मी पाणी आणतो, साक्षीला बसतो.

"रिकाम्या हाताने?" तो म्हणाला. "म्हणजे गाव म्हणणार, मरताना घाबरून माफी दिली. मग तिने गुन्हा केला असंच ठरलं की रे."

त्याचा हट्ट मला वर्षभर मूर्खपणा वाटत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात काही तोल दिसला. केसिर्त दारात उभी होती. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, त्याच्याशी बोलताना भिंतीशी बोलावं तसं बोलायची. ती म्हणाली, "कालवड आणते मी. तोवर मरायचं नाही, एवढं सांगून ठेवा यांना."

उमालत म्हणाला, "हिला वाटतं ते पण माझ्या हातात आहे."

त्या वर्षी दीड वर्षाची कालवड म्हणजे सोललेली शंभर किलो रानलसूण. घरात पीठ, औषधं आणि पट्ट्या त्याच लसणीतून यायच्या. तेव्हा दोनशे किलो खणून सोलायला हवी होती. हंगाम चाळीस-बेचाळीस दिवसांचा. त्यातले आठ शहरात जाऊन विकण्यात जाणार. हिशेब बसत नव्हता. केसिर्त त्रेपन्न वर्षांची होती.

याखिता सोलायला बसायची. केसिर्त दुपारी चार वाजता पोतं रिकामं करायची आणि दोघी समोरासमोर पाटीशी बसायच्या. याखिताचा हात केसिर्तपेक्षा जलद झाला. तिचे दोन्ही अंगठे फुटले, मिठात बुडवल्यासारखे झोंबत असणार, पण पाटी रिकामी झाल्याशिवाय ती उठत नसे. रानात यायला मात्र केसिर्तने तिला मनाई केली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खालच्या राईतली लसूण संपली. संपली म्हणजे नियमाने संपली, दोन-दोन ठेवून. बुसाना आणि बाकीच्या बायका थांबल्या. घरखर्च जाऊन अठ्ठावन्न किलो झाली होती. वर फक्त झऱ्याची जागा राहिली होती, आणि तिथे जायची वाट त्याच उतारावरून, जिथे उमालतचा पाय राहिला. वर्षभरात तिथे कोणी गेलं नव्हतं.

ती एकटी गेली. पहिल्या दिवशी परत येईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. याखिता खिडकीत उभी होती. केसिर्त तीन वाजता आली, पोतं काठोकाठ. दुसऱ्या दिवसापासून मी पोतं वाहायला गेलो. माझं वय एकसष्ट होतं, गुडघे कारखान्यातच गेले होते. मी तिच्या पावलात पाऊल ठेवून चाललो. ती मध्येच थांबायची, डुकरांची उकर शोधायची, नाही सापडली तर मागे फिरून दुसरी वाट घ्यायची. पाऊण तासाची चढण आम्ही दोन तासांत चढलो. त्या एका जागेशी ती थांबली नाही. सरळ फांदी अजून तिथेच होती.

झऱ्याची जागा पाहून मी टोपी काढली. एवढी जांभळी टोकं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. केसिर्तने खणायला घेतलं. मी झुबके उचलून पोत्यात टाकत होतो. तासाभराने माझ्या लक्षात आलं की ती माती दाबत नाही. खड्डे उघडेच पडत होते. झुबका आठचा असो की बाराचा, सगळा पोत्यात.

मी म्हणालो, "दोन ठेवायच्या ना?"

"यंदा नाही."

"तुझी आई..."

"आईला जाब मी देईन. तू पोतं धर."

अकरा दिवस आम्ही गेलो. झऱ्यापासून खाली ओढ्यापर्यंत तिने ती जागा साफ केली. शेवटच्या दिवशी वरून बघितलं तर नांगरलेलं शेत दिसत होतं, आणि पेरायला कोणी येणार नव्हतं. तिने कुदळ झऱ्यात धुतली, हात धुतले, तोंड धुतलं. बराच वेळ तोंड धूत राहिली. मग म्हणाली, चला.

त्याच आठवड्यात उमालतची शुद्ध येत-जात होती. एक दिवस मला तो विटांचे थर मोजताना ऐकू आला. मध्येच काठी वाजायची. याखिता पाणी घेऊन जायची, तो ते ओठांना लावून तसंच ठेवायचा.

मार्चच्या तीस तारखेला रविवार होता. गुरांचा बाजार चौदा किलोमीटरवर. आमच्याकडे बाई गुरांचा सौदा करत नाही, म्हणून मी गेलो. केसिर्त बरोबर आली पण दहा पावलं लांब उभी राहिली. मी चार कालवडी बघितल्या. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितल्या. एक तांबडी होती, कपाळावर पांढरा टिळा, पाय कोरडे आणि सरळ. मी केसिर्तकडे बघितलं, तिने पापणी हलवली. व्यापारी नाक वर करून म्हणाला, "लसणीच्या नोटा दिसतायत. आठवडाभर खिशाला वास राहणार माझ्या." मी म्हणालो, तुझ्या खिशाला एरवी शेणाचा असतो, बदल होईल. त्याने दोनशे कमी केले. आम्ही कालवड चालवत आणली. दुपारी तीनला गावात शिरलो. वाटेत ओढ्याकाठी लसणीची पानं उघडायला लागली होती.

उमालत जिवंत होता. शुद्धीवर होता. केसिर्तने त्याला उशांना टेकवून बसवलं, स्वच्छ सदरा घातला, डोक्यावर टोपी घातली. मी मशिदीतून दोन म्हातारे बोलावून आणले. कालवड खिडकीसमोर अंगणात बांधली, म्हणजे त्याला पलंगावरून दिसेल.

त्याने काठी वाजवली. याखिता वाडग्यात पाणी घेऊन आली, रुमाल कपाळावर ओढलेला, दाराशी उभी राहिली. रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "पिऊ का, पोरी?"

ती गप्प.

"अंगणात कालवड आहे. ती तुझी. मी दिली. आता सांग, पिऊ का?"

ती गप्पच. एक म्हातारा खाकरला. थट्टा करायची वेळ असते ती, पण कोणी केली नाही. केसिर्तने भिंतीला हात टेकला. हंगामभर खणून आणलेली ती गोष्ट खिडकीबाहेर उभी होती आणि पोरीचे ओठ उघडत नव्हते.

मग उमालतने रीत मोडली. त्याने मान वळवून सुनेच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. म्हणाला, "ऐक. रांग मी सोडली. कालवड मी लांबवली. तू ढेकूळ मारलंस, म्हणून मी वळलो. नसतो वळलो तर छाती घेऊन गेलो असतो त्या तारेवर. हे एक वर्ष मला तू दिलंस. वाईट होतं, पण होतं." तो दमला. थोड्या वेळाने म्हणाला, "तहान लागलीय गं. पिऊ का?"

"प्या," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. मग पुन्हा म्हणाली, "प्या, बाबा."

त्याने दोन घोट घेतले. तिसरा घोट हनुवटीवरून खाली गेला. तो याखिताने स्वतःच्या रुमालाच्या टोकाने पुसला.

चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी तो गेला. त्या चार दिवसांत ती त्याच्याशी काय बोलली ते मी भिंतीतून ऐकलं, पण ते सांगायचं नाही. फार नव्हतं. औषध, उशी, खिडकी उघडू का, कालवडीने चारा खाल्ला.

कबर आम्ही पाच जणांनी खणली. माती ओली होती, लवकर खणून झाली. तिसऱ्या दिवशी दानाचं जनावर कापायचं असतं, प्रत्येक घरी वाटा जातो, मेलेल्याच्या नावाने. अंगणात पुरुष बसले होते. उमालतचा चुलतभाऊ म्हणाला, वर्गणी काढून मेंढी आणू, हल्ली सगळे तेच करतात. एल्बी रात्रीच अस्त्राखानहून पोचला होता, तो मान खाली घालून बसला होता, कारण त्याच्याजवळ मेंढीपुरतेही नव्हते. कालवड तिथेच दहा हातांवर बांधलेली होती. सगळ्यांना दिसत होती. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, कारण ती सुनेची होती.

याखिता घराच्या दारात आली. पुरुष बसले असताना सून तिथे येत नाही. ती म्हणाली, "मेंढी नको. कालवड कापा."

चुलतभाऊ म्हणाला, "सासऱ्याने जीभ सोडवायला दिलेलं जनावर कापत नाहीत, पोरी. ते वाढवतात. आत जा."

"माझी आहे ना?"

"आहे."

"मग कापा. त्यांच्या नावाने मेंढी जाणार नाही."

चुलतभावाने केसिर्तकडे बघितलं. तिने आवरायला हवं होतं. केसिर्त चुलीशी उभी होती, काळ्या नखांचे हात पोटाशी धरून. शंभर किलो, नखाने सोललेली, वीस हजार कांड्या. झऱ्याची जागा तिने कायमची घालवली होती. आज इतकी वर्षं झाली, मी दर वसंतात वर जाऊन बघतो, ओढ्याच्या कडेला चार-दोन पानं येतात, बाकी नुसती पानगळ. केसिर्त म्हणाली, "तिने सांगितलंय ना. सुरी आणा."

सुरी मी धरली. कालवड शांत होती. कातडं न फाडता काढायला मला पाऊण तास लागला. मांसाचे बेचाळीस वाटे केले, हाडं आणि मांस समान घालून, कारण गावात तेव्हा बेचाळीस चुली पेटत होत्या. बुसानाच्या घरचा वाटाही त्यात होता. केसिर्तने तो स्वतः नेऊन दिला.

मी हात धुऊन घरी आलो आणि पडलो. पाठ धरली होती. संध्याकाळी फाटकाशी कोणीतरी आलं. मला वाटलं, ठोकेल. वर्षभर याखिता आमचं फाटक ठोकायची आणि मी बाहेर येईपर्यंत गप्प उभी राहायची.

"बलौदी काका," तिने हाक मारली, "तुमचा वाटा राहिलाय."